मालेगांवचा सुपरमॅन

गरीब यजमानाच्या घरीं जेवावयास बसलेला पाहुणा भाजींत मीठ कमी पडलें असलें तरी तसें बोलत नाहीं. उलट पुन्हां एकदां भाजी मागून घेतो. पंगतींत ही रीत सभ्यपणाचीच म्हटली पाहिजे. परंतु कलाकृतीचें परीक्षण करावयास बसलेला मनुष्य जेव्हां हीच रीत पाळूं लागतो, तेव्हां तो यजमानाचा मान राखतो कीं अवमान करितो, असा प्रश्न उत्पन्न होतो. आम्हांस हा प्रश्न कोणा ग्रंथकारानें घातला नाहीं. आमच्याच वर्गांतील, धडगांवकडील एका विद्यार्थ्यानें घातला.

प्रसंग असा झाला. नंदुरबार जिल्ह्यांतील एका महाविद्यालयांत आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवितों. या विद्यार्थ्यानें आपल्या मोबाईल फोनवर दहा-बारा मिनिटांचा एक चित्रपट तयार केला होता. विलायती चित्रपटांतला उडणारा नायक सातपुड्यांत अवतरतो, एवढीच कल्पना. अंगांत निळा सदरा आणि पाठीवर आईचें लाल लुगडें. आम्हीं तो पाहिला, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालों, "साधनांच्या मानानें फारच उत्तम!" तो क्षणभर थांबला आणि अगदीं नम्रपणें म्हणाला, "सर, साधनांच्या मानानें म्हणजे किती? आणि साधनें बाजूला ठेवलीं तर?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. वेळ मारून नेण्यासाठीं आम्हीं त्याला म्हटलें, "आपण मालेगांवकरांचा सुपरमॅन एकत्र पाहूं, मग बोलूं." पुढील परीक्षण म्हणजे त्या दिलेल्या शब्दाची फेड होय.

मालेगांव आमच्या जिल्ह्यांत नाहीं. तें नाशिक जिल्ह्यांतलें, खानदेशाच्या वेशीवरचें, मोसम नदीच्या कांठीं वसलेलें यंत्रमागांचें शहर. आठवडाभर मागांचा खडखडाट, शुक्रवारीं मागांस सुटी, आणि त्याच दिवशीं चित्रगृहांपुढें कामगारांची झुंबड, असा तेथला क्रम. २००६ आणि २००८ सालच्या बॉम्बस्फोटांमुळें या शहराचें नांव बाहेरच्या लोकांस ठाऊक झालें, पण तें शोकाच्या बातम्यांतून. याच शहरांत व्हिडिओ पार्लर चालविणाऱ्या शेख नासिर या तरुणानें २००० सालच्या सुमारास 'मालेगांव के शोले' काढला. १९७५ च्या 'शोले'ची ती उघडउघड नक्कल होती. तिच्यांत गब्बरसिंगाचा रबरसिंग झाला, बसंतीची बासमती झाली, आणि दरोडेखोर घोड्यांऐवजीं सायकलींवरून दौडत आले. खर्च पन्नास हजार रुपयांच्या आसपास झाल्याचें सांगतात. गांवानें तो चित्रपट डोक्यावर घेतला. या यशानें धीट झालेल्या नासिरनें पुढें थेट अमेरिकेच्या सुपरमॅनलाच हात घातला. फरोग जाफरी यांच्यासारखे लेखक त्याच्या गोतावळ्यांत होते. नायकाच्या कामासाठीं शफीक शेख हा यंत्रमागावर काम करणारा, काडीसारख्या अंगाचा तरुण निवडला गेला. खर्चाचा आंकडा लाखाच्या घरांतला सांगितला जातो. 'मालेगांव का सुपरमॅन' तो हाच. त्याचें चित्रण चालू असतांना फैझा अहमद खान यांनीं जो माहितीपट घेतला, तो 'सुपरमेन ऑफ मालेगांव' या नांवानें २००८ सालीं पूर्ण झाला आणि २०१२ सालीं आपल्या देशांतील चित्रगृहांत आला.

अशा कृतीस काय म्हणावें, याचाच प्रथम विचार केला पाहिजे. हें विडंबन म्हणावें, तर विडंबनकारास मूळ कृतीविषयीं जो थोडासा तुच्छभाव असतो तो येथें दिसत नाहीं. अनुकरण म्हणावें, तर अनुकरण करणारा मूळाला हंसत नाहीं. आणि हे लोक तर पोट धरून हंसतात. भक्त आणि टवाळ हे दोघे एकाच देहांत नांदत आहेत, असा हा प्रकार आहे. देवळाच्या पायरीवर बसून देवाचीच थट्टा करणारा मनुष्य आपल्या समाजास अपरिचित नाहीं. तमाशांतील गवळणींत श्रीकृष्णाची आणि पेंद्याची जी गत होते, ती पाहून कोणी नास्तिक झाल्याचें ऐकिवांत नाहीं.

तथापि विडंबनाच्या अंगीं एक जात्याच दुबळेपणा असतो. 'झेंडूचीं फुलें' १९२५ सालीं निघालीं, तेव्हां महाराष्ट्र खदखदून हंसला. आज तीं वर्गांत शिकवावयाचीं झाल्यास आधीं मूळ कविता वाचून दाखवावी लागते, मग त्या कवींचे लकबी समजावून द्याव्या लागतात, आणि एवढें झाल्यावर हंसावयाची वेळ निघून गेलेली असते. ज्या भिंतीस वेल टेकलेली असते ती भिंत पडली म्हणजे वेलीचें काय होतें, हाच प्रश्न मालेगांवच्या चित्रपटासही लावून पाहिला पाहिजे. ज्यानें अमेरिकेचा सुपरमॅन कधीं पाहिलाच नाहीं, त्याला येथें कांहीं मिळतें काय?

आमच्या मतें मिळतें, पण सर्वत्र मिळत नाहीं. जेथें हा चित्रपट उडूं पाहतो तेथें मिळत नाहीं.

उडण्याचीच गोष्ट आधीं घेऊं. सुपरमॅन हा १९३८ सालीं जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनीं चित्रकथेंत जन्मास घातला. दोघेही परदेशांतून आलेल्या ज्यू कुटुंबांतले. स्वतः दुबळे असलेल्यांनीं पाहिलेलें बळाचें तें स्वप्न होतें. कागदावर उडणें फुकट असतें. पडद्यावर त्याचे पैसे पडतात. १९४८ सालीं अमेरिकेंत सुपरमॅनची पहिली चित्रपटमाला निघाली, तेव्हां निर्मात्यांची थैली एवढी तोकडी होती कीं नट उडी मारूं लागला म्हणजे त्याच्या जागीं हातानें काढलेलें व्यंगचित्र आकाशांत जाई! मग १९७८ सालीं रिचर्ड डॉनर यांनीं अमाप द्रव्य खर्चून क्रिस्टोफर रीव्ह यांना असें उडविलें कीं पाहणाऱ्यांनीं श्वास रोखून धरला. तें चित्र आम्हीं लहानपणीं वर्गणी काढून भाड्यानें आणलेल्या व्हिडिओ यंत्रावर पाहिलें, आणि त्यानंतर कित्येक दिवस आमच्या आळींतील पोरें ओट्यावरून उड्या टाकीत होतीं. (एकाचा हात मोडला, तो पुढें अस्थिवैद्य झाला.)

मालेगांवकरांनीं हिरवें कापड ताणलें, त्यापुढें नायकास धरलें, आणि संगणकावर त्या हिरव्याच्या जागीं आकाश बसविलें. हें तंत्र मोठमोठ्या कंपन्यांतही असेंच चालतें. फरक प्रकाशाचा, वेळेचा आणि यंत्राच्या ताकदीचा. परिणामीं येथला सुपरमॅन आकाशांत उडत नसून आकाशावर चिकटविलेला दिसतो. माहितीपटांत या सर्व खटपटीची कथा मोठी मनोरंजक आहे. सायकलीचा उपयोग फिरत्या गाडीसारखा होतो, बैलगाडीचा उंच यारीसारखा होतो, कॅमेरा पाण्यांत पडतो आणि तरी काम थांबत नाहीं. या गोष्टी वाचून कोणाचेंही मन द्रवेल. परंतु प्रेक्षक चित्रपट पाहतो तेव्हां बैलगाडी पडद्याबाहेर असते. पडद्यावर जें आहे तेवढ्यापुरतें बोलावयाचें तर हीं उड्डाणाचीं दृश्यें फिकीं आहेत, आणि तीं पुन्हां पुन्हां येतात म्हणून अधिकच फिकीं होतात. पहिल्या वेळीं हंसूं येतें, दुसऱ्या वेळीं कौतुक वाटतें, तिसऱ्या वेळीं मनुष्य घड्याळाकडे पाहतो.

आतां दुसरी बाजू. हा सुपरमॅन दमेकरी आहे. गांवच्या धुळीनें आणि घाणीनें त्याचा श्वास कोंडतो. अमेरिकन सुपरमॅनला मारावयाचें तर त्याच्याच ग्रहावरचा दुर्मिळ खडा शोधून आणावा लागतो. मालेगांवच्या सुपरमॅनला घायाळ करावयास मालेगांवची हवाच पुरते. आणि त्याचा शत्रू कोण? सगळें जग जिंकूं पाहणारा कोणी शास्त्रज्ञ नव्हे, तर ज्याला घाण आवडते, जो लोकांस तंबाखूच्या नादीं लावतो असा गांवगुंड. या एका कल्पनेनें चित्रपट मूळ भिंतीपासून सुटतो आणि आपल्या पायांवर उभा राहतो. सुपरमॅन कोण हें ज्याला ठाऊक नाहीं, त्यालाही हें कळेल कीं सर्वांना वांचविण्यासाठीं आलेल्या वीराला प्रथम खोकल्याची उबळ आवरावी लागते. आमच्याबरोबर बसलेला तो विद्यार्थी येथें मोठ्यानें हंसला आणि मग एकदम गप्प झाला. त्याचा एक मामा सुरतेला मागावर आहे, असें त्यानें नंतर सांगितलें. जें हंसें अर्ध्यावर थांबतें तें कमावणें फार कठीण. भरपूर पैसा असलेल्या पुष्कळ चित्रपटांस तें साधत नाहीं.

येथें साधनांचा प्रश्न निराळ्या रीतीनें पुढें येतो. धष्टपुष्ट, पैलवानी अंगाचा नट मिळाला असता तर ही दम्याची कल्पना केवळ एक कोटी ठरली असती. शफीक शेख यांच्या बारीक अंगामुळें ती खरी वाटते. दारिद्र्य हें येथें क्षमेचें कारण राहत नाहीं. तो कथेचाच एक भाग होतो. ज्या ठिकाणीं नासिरनें आपली उणीव झांकण्याचा प्रयत्न केला तेथें ती उघडी पडली, आणि जेथें ती कथेंत घेतली तेथें ती कामास आली, असें आम्हांस वाटतें.

या गोष्टीचा आधार शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं. आमच्या जिल्ह्यांत अक्कलकुवा तालुक्यांतील काठी येथें होळीच्या रात्रीं आदिवासी पुरुष मोरपिसांचे उंच टोप घालून, अंग रंगवून, कमरेला घुंगरू नि भोपळे बांधून नाचतात. बावा, बुध्या अशीं त्यांचीं नांवें. काल ज्याच्याबरोबर शेतांत काम केलें तोच आज असा सजून समोर उभा आहे, हें प्रत्येक पाहणाऱ्यास ठाऊक असतें. तरी तो हास्यास्पद ठरत नाहीं, कारण त्याला दुसऱ्या कोणासारखें दिसावयाचें नसतें. नाशिककडील बोहाड्यांतही तेंच. मुखवट्याखालचा मनुष्य शेजारचा आहे हें माहीत असूनच लोक देवास हात जोडतात. मालेगांवचा सुपरमॅन या परंपरेच्या अगदीं जवळ येतो आणि पुन्हां दूर जातो. जवळ येतो तो खोकतांना. दूर जातो तो उडतांना, कारण त्या वेळीं त्याला क्रिस्टोफर रीव्हसारखें दिसावयाचें असतें.

दादासाहेब फाळके याच नाशिक जिल्ह्यांतले, त्र्यंबकेश्वरचे. १९१० च्या सुमारास मुंबईंत ख्रिस्तचरित्राचा विलायती चित्रपट पाहतांना त्यांच्या डोळ्यांसमोर राम-कृष्ण उभे राहिले, ही कथा सर्वश्रुत आहे. म्हणजे आपल्या चित्रपटसृष्टीचा आरंभही परक्या पडद्यानें भारावलेल्या एका चाहत्यापासूनच झाला. साधनांची टंचाई त्यांनाही होती. विमा गहाण ठेवून ते लंडनला गेले. तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहांत काम करणाऱ्या साळुंके यांना त्यांनीं लुगडें नेसविलें, आणि पुढें १९१७ च्या 'लंकादहना'त राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्याच साळुंक्यांनीं केल्या. तरी फाळक्यांच्या चित्रांविषयीं बोलतांना आपण "साधनांच्या मानानें" असें म्हणत नाहीं. कां म्हणत नाहीं? केवळ ते पहिले म्हणून? आम्हांस वाटतें, त्यांनीं पडद्याचें तंत्र उसनें आणलें आणि देव घरचा ठेवला, हें त्याचें खरें कारण. नासिरनें देवच उसना आणला. हा मार्ग अधिक अवघड, आणि त्यांत यश आलें तें त्या देवाला मालेगांवचा रोग जडविला तेवढ्यापुरतें.

दोषांची यादी वाढविण्याची आमची इच्छा नाहीं. पण दोन गोष्टी सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पहिली स्त्रियांची. मालेगांवच्या स्त्रिया कॅमेऱ्यासमोर येत नाहींत, नायिका बाहेरगांवाहून आणावी लागते. ही समाजाची अडचण आहे, दिग्दर्शकाची नव्हे, हें खरें. परंतु नायकाच्या दुबळेपणाचा जसा कथेंत उपयोग केला, तसा या उणीवेचा करण्याचें कोणास सुचलें नाहीं. अर्धें गांव पडद्यावर नाहीं, आणि तें नसल्याची जाणीवही चित्रपटास नाहीं. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. नायकाच्या अंगाकडे पाहून जें हंसें पिकतें, तें सारेंच दम्याच्या कल्पनेंतून येत नाहीं. कांहीं हंसें केवळ बारीक मनुष्यास हंसण्याचें आहे. मालेगांवचा प्रेक्षक हंसतो तेव्हां तो स्वतःलाच हंसतो, म्हणून तेथें तें खपतें. पण मुंबईच्या गार चित्रगृहांत बसून तोच प्रसंग पाहणारा प्रेक्षक कोणास हंसत असतो? चित्रपट या दोन हंसण्यांत भेद करीत नाहीं. दोन्हींस तो सारखाच भुकेला आहे.

आणि येथें शफीक शेख यांच्या अखेरीचा उल्लेख करणें प्राप्त आहे. माहितीपट चित्रगृहांत येण्यापूर्वींच ते कर्करोगानें गेले. घाण आणि तंबाखू यांच्याशीं पडद्यावर झुंजलेला हा वीर या जगांतून अशा रोगानें जावा, हा योग एवढा विदारक आहे कीं त्याच्या प्रकाशांत चित्रपट पाहूं लागल्यास त्यांतील सर्व दोष विरघळून जातात. परीक्षकानें येथेंच सावध राहिलें पाहिजे. मृत्यूनें शफीक यांची स्मृति पवित्र केली, चित्रपटाचीं उड्डाणें सुधारलीं नाहींत. उलट त्यांचें काम जेथें खरोखर चांगलें आहे, म्हणजे त्या खोकल्यांत, त्या अवघडून उभें राहण्यांत, त्या भाबड्या ऐटींत, तेथें तें ते जिवंत असतांनाच चांगलें होतें. त्यांस नट म्हणून मान द्यावयाचा तर हें निवडून सांगितलें पाहिजे.

बहुतेक सुशिक्षित लोकांनीं मूळ चित्रपट पाहिलेलाच नाहीं. त्यांनीं पाहिला आहे तो माहितीपट. फैझा अहमद खान यांची कृति उत्कृष्ट आहे. तींत या माणसांविषयीं दया नाहीं, स्नेह आहे. पण तिच्या यशाचा एक विपरीत परिणाम असा झाला कीं चित्रपट मागें पडला आणि चित्रपट काढणारे पुढें आले. २०२४ सालीं रीमा कागती यांनीं 'सुपरबॉईज ऑफ मालेगांव' हा कथापट केला. वरुण ग्रोव्हर यांच्या लेखनांत जिव्हाळा आहे, आदर्श गौरव, विनीतकुमार सिंग आणि शशांक अरोरा यांचीं कामें चांगलीं आहेत. तथापि तो पाहतांना आमच्या मनांत राहून राहून येई कीं, तोकड्या पैशाची गोष्ट सांगावयास आतां भरपूर पैसा मिळतो. मग तोकड्या पैशानें काढलेला चित्रपट मात्र कोणी कां पाहत नाहीं? नासिर आणि त्याचे सोबती गोष्टींतील पात्रें झाले. त्यांस कलावंत म्हणून मिळावयाची दाद, आणि कलावंत म्हणून खावा लागणारा टोला, हीं दोन्ही त्यांच्या वांट्यास पुरतीं आलीं नाहींत.

आतां त्या विद्यार्थ्याकडे वळूं. मालेगांवचा चित्रपट पाहून झाल्यावर आम्हीं त्याचें स्वतःचें चित्र पुन्हां एकदां मागून घेतलें आणि या खेपेस मीठ कमी आहे तें मोकळेपणानें सांगितलें. त्याचा नायक फोनमधील एका युक्तीनें तोरणमाळावरून उडतो. तें दृश्य सर्वांत लांब आणि सर्वांत निकामी आहे. त्याच्या मित्रांना तेंच आवडलें, हेंही तो म्हणाला. परंतु त्याच्या आधीं अर्ध्या मिनिटाचा एक प्रसंग आहे. पलीकडच्या पाड्यावर कोणी संकटांत आहे, नायकास हांक यावयाची आहे. पण गांवांत फोनला रेंज नाहीं. म्हणून तो वीर फोन डोक्यावर धरून, लुगड्याचा सोगा सांवरीत, धापा टाकीत टेकडी चढतो. वर पोंचतो, हांक ऐकूं येते, आणि तेवढ्यांत फोनची बॅटरी संपते. येथें तो प्रसंग कापून टाकून लगेच उड्डाण जोडलें आहे.

"हा भाग मी काढूनच टाकणार होतों, सर," तो म्हणाला. "टेकडी चढतांना खरोखरच दम लागला होता, म्हणून तें तसें आलें. पुन्हां घेतों."

आम्हीं त्याला सांगितलें कीं पुन्हां घेऊं नकोस. घ्यावयाचें असेल तर त्या बंद फोनपुढचें घे. संकटांत कोण होतें? आणि तो खालीं उतरून चालत किती वेळानें पोंचला? यावर तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला कीं पलीकडच्या पाड्यावर त्याची आत्या राहते, पायवाटेनें दोन तास लागतात, आणि आत्या कॅमेऱ्यासमोर उभी राहील किंवा नाहीं हें तिला विचारूनच सांगतां येईल. हल्लीं ती ऊसतोडीला गेलेली आहे. होळीला परत येईल.